भाव येईपर्यंत

तात्यांना चार नंबरच्या चेंबरमध्ये ठेवलंय, हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा हर्षदाला त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं. चेंबर ओळखीचा होता. बावीस वर्षं तात्या, तिचे वडील, याच कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तरी जेवत्या ताटावरून उठून जायचे. तेव्हा इथं बेदाणा असायचा. खोके छतापर्यंत रचलेले, आणि दार उघडलं की गार, गोडसर वास अंगावर यायचा. आता त्याच रॅकवर तीन मजली खाटा होत्या आणि वास कसलाच नव्हता.

गेटवरची पाटी सरकारी होती : विश्रांती केंद्र, क्रमांक तीनशे सतरा. तासगावात त्या नावानं कोणी म्हणत नसे. 'बेदाण्यात टाकला' म्हणायचे. 'थोरल्याला बेदाण्यात टाकला, धाकटा कामावर हाय.' पहिल्यांदा कोणीतरी चेष्टेनं म्हणालं असेल. पण माल गारठ्यात ठेवायचा आणि भाव येईपर्यंत वाट बघायची, हेच ज्या गावानं जन्मभर केलं त्याला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून?

गुरुवार भेटीचा. सकाळी दहालाच पत्र्याची शेड तापली होती आणि बाकांवर चाळीसेक माणसं नंबराची वाट बघत बसली होती. हर्षदाच्या पिशवीत मुदतवाढीची नोटीस होती. तात्यांचे सहा महिने आज संपत होते. आणखी सहा महिन्यांसाठी घरच्यांची सही लागायची.

"सही हाय व्हय आज?" शेजारी बसलेल्या शकीलाभाभींनी विचारलं. त्यांचे मिस्टर दस्तगीर टेंपो चालवायचे. तात्यांच्या शेजारच्याच खाटेवर ते होते.

"हो, भाभी."

"मग त्वांड का असं? कर सही आन मोकळी हो. मी दोनदा केली." भाभींनी पदरानं वारा घेतला. "मी आपली शिव्या घालायला येते बाई. तीस वर्सांत त्या माणसानं मला एक वाक्य पुरं करू दिलं न्हाई. आता बघ. दोन मिंटं बोलते, मधी हूं की चूं न्हाई. नवरा असावा तर असा!"

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. हसायला मिळणारी जागा म्हणून कित्येक जण भाभींच्या जवळ बसायचे.

"गेल्या खेपंला काय सांगितलं म्हाईतीय? म्हनलं, तुमची कबुतरं इकली. चौदा इकली, दोन कापली. त्यो लंगडा नर, मांडीव घिऊन दाणं चारायचा न्हवं का, त्योच. म्हनलं, रस्सा ब्येस झालता." त्यांनी डोळे मिचकावले. "जागा असता तर मुडदाच पाडला असता माझा."

हर्षदा हसली. मग पिशवीतला कागद पुन्हा एकदा चाचपून बघितला.

मंदी आली तेव्हा ती आभाळ फाटून आली नव्हती. एका बुधवारी बेदाण्याच्या सौद्यात एकही बोली लागली नाही, एवढंच झालं. नमुन्याच्या ताटल्या मांडलेल्या, अडते बसलेले, चहा झाला, आणि कोणी तोंडच उघडलं नाही. तात्या घरी येऊन बराच वेळ पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "माल हाय. माणसं हायत. भूकबी हाय. नुसता कुणाचा कुणावर भरवसा न्हाई. ह्याला औषध काय गं, हर्षे?"

औषधं पुष्कळ झाली. सरकारनं रस्त्यांची कामं काढली. रस्ते झाले, त्यांवरून जायला गाड्या नव्हत्या. व्याज उतरवलं, कर्ज मागायला कोणी येईना. पैसे वाटले, तर लोकांनी ते गादीखाली घातले, कारण उद्या काय होईल ते माहीत नव्हतं. मग धान्य वाटलं. मग सगळ्यांना अर्धा दिवस काम, अर्धा पगार. कुपवाडच्या कारखान्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले, पुण्याला गेलेली पोरं बायकामुलं घेऊन परत आली, आणि एकाच्या चुलीवर तीन घरांचं शिजायला लागलं. गावात लग्नं गूळ-पाण्यावर लागली. शिंप्यानं दाढी करून घेतली की न्हाव्याची पँट शिवून द्यायची. माणसांनी आपापल्या परीनं जग चालू ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र पाऊस कमी झाला आणि गोदामांतल्या धान्याचा हिशेब वर दिल्लीत कोणीतरी मांडला.

यंत्र आधीच तयार होतं. अवकाशातल्या लांबच्या प्रवासासाठी त्याचा शोध लागला होता. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या जागेत, काही पेशी असतात. शरीर किती तापवायचं हे त्या ठरवतात. कपाळावर एक चकती चिकटवून आपल्याला ऐकू न येणारा आवाज त्या पेशींवर सोडला की त्या फसतात. त्यांना वाटतं, आता काटकसरीचे दिवस आले. मग शरीर आपली भट्टी आपणच मंद करतं. अंगाचं तापमान सदतीसवरून सव्वीसवर येतं. हृदय मिनिटाला सहा ठोके देतं. कुडकुडू नये म्हणून स्नायू ढिले पाडणारं एक औषध नळीतून थेंब थेंब जात राहतं. असा माणूस जाग्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याइतकं अन्न खातो. काम मागत नाही, मोर्चा काढत नाही. ज्या देशांत हिवाळा मोठा तिथं योजना आधी आली. मग आपल्याकडे आली.

पहिल्यांदा राजीखुशीचा मामला होता. झोपणाऱ्याच्या घराला पूर्ण शिधा. नंतर 'अर्धे घर' नावाचा नियम आला : घरात जितकी मोठी माणसं, त्यांतली निम्मी झोपलेली असली तरच रेशनकार्ड चालू आणि नोकरी शाबूत.

हर्षदाच्या घरात दोनच माणसं होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. हर्षदा विट्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. तात्या बासष्टचे, काम सुटलेले. कोणी झोपायचं यावर चर्चा अशी झालीच नाही. तात्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता. ते शेतातली ढेकळं फोडताना लहानपणी सापडलेल्या बेडकांबद्दल बोलत होते. उन्हाळाभर मातीत गाडून घेऊन पडलेले, हातात घेतले तर दगडासारखे.

"तसंच म्हण की."

"तसंच, तात्या. अगदी तसंच."

"बेडकाला कळतं का गं, आपण निजलोय ते?"

"नाही, तात्या. काही कळत नाही."

वर्गात मुलांनी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, यावर अजून नीट अभ्यास झालेला नाही. घरात मात्र तिनं बेधडक उत्तर दिलं. तात्यांनी मान डोलावली. लेक शिकलेली होती.

"दोनशे अकरा, गावडे!" आतून हाक आली.

सुतार सिस्टरांनी तिला कोट दिला, पायांत घालायला प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. सिस्टर पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या. चेंबरच्या बाहेर त्या खणखणीत बोलायच्या, दार ओलांडलं की आवाज एकदम खाली यायचा. हर्षदाला वाटायचं, दवाखान्याची सवय.

आत चौदा अंश. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येकीवर पांढरी चादर, कपाळावर रुपयाएवढी चकती. प्रत्येक खाटेशी एक छोटा पडदा आणि त्यातून येणारी टिक्. मिनिटाला सहा. तीनशे माणसांची टिक्-टिक् एकत्र मिसळून जुन्या घड्याळजीच्या दुकानात शिरल्यासारखं वाटे; फक्त इथली सगळी घड्याळं फार सावकाश चालायची.

तात्या खालच्या खाटेवर होते. गळ्याशी पट्टी : गावडे, धुळाप्पा सिदू. दाढी कोणीतरी केली होती, मिशी तशीच ठेवली होती. हर्षदा स्टुलावर बसली आणि चादरीखाली हात घालून त्यांचा हात धरला. हात ओल्या मातीसारखा होता.

"सहीच्या आधी तापमानाचा कागद काढावा लागतो," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि कॉम्प्युटर आडवा पडलाय सकाळपासून. बसा तुम्ही. मी बघते." त्या रांगेच्या टोकाला गेल्या.

एरवी भेट दोन मिनिटांची. जास्त वेळ हात धरला तर अंगाचं तापमान हलतं, असं पत्रकात लिहिलेलं. आज पहिल्यांदाच घाई नव्हती. हर्षदानं सवयीनं घरचं सांगायला सुरुवात केली. आंब्याला मोहर आला. कॉलेजात आता आठच मुलं उरली. बोलून झालं, मग ती गप्प बसली. हात मात्र काढला नाही.

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

तिची करंगळी ओढली गेली.

फार हलकेच. असं पूर्वीही एकदोनदा झालं होतं, हात काढता काढता. पत्रकात त्याबद्दलही होतं : स्नायूंची किरकोळ हालचाल होऊ शकते, नातेवाइकांनी घाबरू नये. ती घाबरली नव्हती. आताही तिनं स्वतःला तेच सांगितलं. मग तिची पाच बोटं एकत्र धरली गेली, कशीबशी, सुटली, आणि एकटी तर्जनी धरली गेली.

पाच आणि एक.

हर्षदाच्या मानेवरचे केस उभे राहिले.

तिचे आजोबा, सिदू गावडे, जनावरांच्या बाजारात हेडी होते. खरसुंडीच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवून द्यायचे. सौदा व्हायचा रुमालाखाली. घेणारा आणि हेडी हातात हात देणार, वरून रुमाल किंवा धोतराचा सोगा, आणि आकडा बोटांनी बोलायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. ते एक म्हणजे शेकडा की हजार, हे मात्र तोंडानं सांगायचं : 'हे शेकडा', 'हे हजार'. करंगळी ओढली की सौदा उघडला. अंगठा दाबला की मोडला. तळहाताला तळहात भिडला की पटला, मग आकाश कोसळलं तरी माघार नाही. रुमालावर दोघंही वाट्टेल ते बोलत. शिव्या, चेष्टा, बैलाच्या आईबापाचा उद्धार, खोटे आकडे. भोवतीच्या माणसांसाठी ते. आजोबा म्हणायचे, वरचा शब्द वाऱ्याचा, खालचा शब्द जन्माचा.

तात्यांनी तो धंदा केला नाही. पण हर्षदा लहान असताना टॉवेलाखाली बापलेकीचे सौदे चालत. 'हे पेरू.' तिनं चार म्हणायचं, त्यांनी दोन, तीनवर तळहात भिडायचा. आई ओरडायची, अहो, तिचा अभ्यास!

पाच आणि एक. सहा.

"हे..." तिनं आवाज खाली आणला. "तात्या, हे महिने?"

टिक्. टिक्. टिक्. टिक्. चार ठोके, म्हणजे चाळीस सेकंद. मग तिच्या तळव्यावर तात्यांचा तळवा एवढासा दाबला गेला.

ती जागची हलली नाही. डोक्यातली जीवशास्त्राची मास्तरीण मात्र कामाला लागली, बहुधा किंकाळी फुटू नये म्हणून. सव्वीस अंशाला मेंदूच्या लहरी इतक्या मंद होतात की यंत्रावर सरळ रेघ दिसते. यंत्राला दिसत नाही, म्हणून नाही, असं सगळ्यांनी धरलं. ढिल्या पाडलेल्या, गार स्नायूला आज्ञा पोचायला पाऊण मिनिट लागत असणार. भेट दोन मिनिटांची, त्यातही प्रत्येक जण बोलत राहतो, हात बदलतो, डोळे पुसतो. सहा महिने सगळी माणसं उत्तर यायच्या आतच हात काढून घेत होती.

आणि तात्या ऐकत होते. पहिल्या दिवसापासून. डोळे मिटलेले, अंग आपलं नाही, थंडी, आणि कॉम्प्रेसरचा तो ओळखीचा आवाज. त्यात काही बिघडलं तर उठून जाताही येत नाही.

तिनं तीनशे चादरींकडे बघितलं. टिक्, टिक्, टिक्. मग बघवेना.

"उठवते मी तुम्हाला," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "सही करत नाही. आजच."

चार ठोके.

अंगठा. मोडला.

"तात्या, अहो, ऐका—"

पुन्हा अंगठा. पहिल्यापेक्षा जोरात. एवढ्याशा जोरानंही त्यांच्या पडद्यावरचा आकडा किंचित हलला.

तेव्हा तिला आठवलं.

तिसरा गुरुवार होता तो. झोपायला कोणी जायचं त्याच्या नव्या याद्या कॉलेजात लागल्या होत्या. तिच्याबरोबरच्या एका बाईंच्या सासूबाई झोपेतच गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंना केंद्रावर बोलावणं आलं. हर्षदा इथं येऊन, हाच हात धरून रडली होती. म्हणाली होती, "तात्या, मला त्या चकतीची फार भीती वाटते. मला नाही जमणार. तुम्ही उठूच नका. तुम्हीच राहा." बोलून हलकं वाटलं होतं तिला. भिंतीशी बोललं की वाटतं तसं. जाताना तिनं वाटेत केळी घेतली होती, तेही तिला आठवलं.

ते ऐकून तात्या साडेपाच महिने पडून राहिले होते. करंगळी ओढत होते, ते सुटका मागायला नव्हे. बहुतेक फक्त कोणीतरी आहे ना, एवढं बघायला.

रांगेच्या टोकाला सिस्टरांनी कॉम्प्युटरला थाप मारली. प्रिंटर घरघरला.

हर्षदानं चादर नीट ओढून दोघांच्या हातांवर घेतली.

"मी तेव्हा बोलले ते वरचं होतं, तात्या. रुमालावरचं. ते धरायचं नाही. आता खालचं बोलते." तिनं त्यांची करंगळी ओढली. "हे माणसं. घरात जागी."

तिनं दोन बोटं धरली.

चार ठोके. तात्यांनी एक धरलं.

दोन.

चार ठोके. ती मोजत होती आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, हा शेवटचा. एक.

बाजाराचा नियम तिला ठाऊक होता. तोच आकडा तिसऱ्यांदा आला की हात काढायचा, सौदा संपला, पुन्हा उघडायचा नाही. आणि तात्या नियमाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी ठरवलं होतं. लेक जागी राहील, खाईल, मुलांना शिकवील, आणि ते इथं पडून राहतील; भाव येईपर्यंत, किंवा न येईपर्यंत. तिसऱ्यांदा तेच एक बोट धरलं गेलं की तिनं सही करो न करो, त्यांच्या मनातून ते मिटलेलं असणार.

ती दोन धरायला गेली आणि थांबली.

आजोबांची एक युक्ती तात्या नेहमी सांगायचे. गिऱ्हाईक आकड्यावर अडून बसलं की सिदू गावडे आकड्याला हात लावत नसत. माप बदलायचे. 'बरं बाबा, तुझा आकडा खरा. पण हे जोडीला न्हाई, हे नगाला.' माणसाचा हट्ट आकड्याशी असतो, ते म्हणायचे. माप बदललं की हट्टही राहतो आणि सौदाही होतो.

"तुमचा आकडा पटला मला, तात्या," ती म्हणाली. "एक. एकच. पण हे माणसं नव्हे. हे ताट."

आणि तिनं एक बोट धरलं.

टिक्.

एक ताट. कार्ड बंद होणार, नोकरी जाणार. शेजारच्या चुलीवर आपली मूठभर ज्वारी, आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या, जे मिळेल ते, एका ताटात दोघांना. हे तात्यांना उलगडून सांगायची गरज नव्हती.

टिक्. टिक्. टिक्.

चार झाले. काही नाही.

टिक्.

पाच. सिस्टरांची पावलं जवळ येत होती.

टिक्.

सहाव्या ठोक्यानंतर तिच्या तळहाताला काहीतरी टेकलं. आधी तिला वाटलं नुसता स्पर्श आहे. मग तो दाबला गेला, आणि दाबलेलाच राहिला.

"झाला बाई एकदाचा," सिस्टर कागद फडफडवत आल्या. "इथं सही."

हर्षदानं हात चादरीतून काढला. पेन घेतलं. तापमानाच्या आकड्यांखाली 'मुदतवाढ मान्य' आणि 'मुदतवाढ अमान्य' असे दोन चौकोन होते. दुसऱ्यात तिनं खूण केली आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

सिस्टरांनी कागद बघितला, मग तिच्याकडे. तिला दंडाला धरून दाराबाहेर आणलं. दार लागेपर्यंत बोलल्या नाहीत.

"नीट विचार केलाय का, मॅडम? जागं करायला नऊ दिवस लागतात. त्यातनं सगळेच उठतात असं नाही, खोटं कशाला सांगू. कार्ड आजच बंद होईल. आणि सोमवारी कॉलेजला पत्र जाईल तुमच्या."

"माहीत आहे."

"मग काय झालं असं मधीच?"

हर्षदानं त्यांच्या भिंगांमागच्या डोळ्यांत बघितलं. "सिस्टर, तुम्ही आत गेल्यावर हळू का बोलता?"

सिस्टरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला. पुसतच राहिल्या.

"पाळीला असले की रेडिओ लावून ठेवते मी," त्या शेवटी म्हणाल्या. "भजनं, बातम्या, जे लागेल ते. प्रत्येक चेंबरात थोडा थोडा वेळ. लेखी काय देऊ? यंत्रावर सरळ रेघ आहे. माझा धाकटा भाऊ दोन नंबरात आहे, मॅडम. माझं अर्धं घर तो." त्यांनी चष्मा परत घातला. "तुमचे वडील मी स्वतः उठवीन. नऊ दिवस ड्युटी बदलून घेते. बाकीचं मला विचारू नका."

शेडमध्ये तसंच ऊन, तशीच माणसं. भाभी कोणाला तरी हसवत होत्या. हर्षदाला बघून सरकल्या.

"झाली सही? बस घटकाभर. पांढरी फटक पडलीयास. पानी पी."

हर्षदा बसली. चाळीस माणसं होती. ओरडून सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तिला दिसत होतं : गेट मोडलं असतं, नळ्या ओढून काढल्या असत्या, आणि नऊ दिवसांत उठवायची माणसं नऊ मिनिटांत उठवायला जाऊन मेली असती. नाही सांगितलं तर पुढच्या गुरुवारी हीच चाळीस माणसं पुन्हा दोन मिनिटं बोलून हात काढून घेणार. तिला दोन्हींची भीती वाटत होती. त्यातल्या त्यात कमी भीती कशाची, तेवढंच ठरवता येत होतं. एका वेळी एक माणूस. रुमालाखालून.

तिनं भाभींचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर ओढणी टाकली.

"हे काय गं?"

"ऐका. आज आत गेलात की त्यांचा हात धरा. काही बोलू नका, नुसता धरून ठेवा. सिस्टर काही म्हणणार नाहीत. पडद्यावरचे ठोके मोजा. मग एकच विचारा. हो असेल तर त्यांनी असा तळहात दाबायचा, नाही असेल तर असा अंगठा. हे त्यांना आधी समजावून सांगा. आणि सहा ठोके होईपर्यंत हात सोडू नका."

"कुणाला समजवू?" भाभी हसल्या. "त्या बेदाण्याला?"

हर्षदानं ओढणीखाली भाभींचा तळहात दाबला.

भाभींचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी ओढणीखालच्या हातांकडे बघितलं, मग चेंबरच्या जाड दाराकडे, मग पुन्हा हर्षदाच्या तोंडाकडे. ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांचं वाक्य कोणी न तोडता अर्धं राहिलं.

"दोनशे बारा, मुजावर!"

भाभी उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. दोन्ही हात पदराला घासून घासून गरम करायला लागल्या.

"हर्षदा," त्या मागं न बघता म्हणाल्या, "मी त्याला कबुतरांचं सांगितलंय गं."